रुळापुढची दांडी

१२ जुलै

तीर्थरूप मावशीस,

नमस्कार. सुट्टी संपल्यापासून तुझी एक ओळ नाही. म्हणजे एक तर तू ठणठणीत आहेस, नाहीतर माझ्यावर रुसली आहेस. दोन्हीला माझ्याकडे एकच औषध आहे, लांबलचक पत्र.

एम. ए.चं दुसरं वर्ष सुरू झालं. वर्गात अजूनही मी एकटीच बाई. माझी खुर्ची दाराशी, बाकांपासून चार हात लांब. तिथून फळ्याचा डावा भाग दिसत नाही, त्यामुळे माझ्या वहीत सगळ्या विद्येचा उत्तरार्धच उतरला आहे. नवे प्राध्यापक "सद्गृहस्थहो" म्हणून सुरुवात करतात, मग मी दिसते, मग ते खोकतात. ग्रंथपाल तर कपाटांमधून माझ्या मागे मागे फिरतात, जसं काही मी पुस्तकांना तोंडच लावणार आहे. बायकांसाठी मोरी नाही, म्हणून दहा ते चार पाण्याचा थेंब घेत नाही. तू म्हणशील, हौसेला मोल नाही. नाहीच मुळी.

आता कामाचं. माझा प्रबंध तुमच्या लाँड्रीवर आहे हे कळल्यावर माझे मार्गदर्शक सर आधी हसले. "धुण्यावर काय लिहिणार?" म्हणाले. मग सुट्टीत तुझ्या स्वयंपाकघरात बसून एक्केचाळीस बायकांचं मी जे टिपून आणलं ते त्यांनी वाचलं आणि म्हणाले, लिही. त्यांचा एक नियम आहे. एका तोंडून आली ती बातमी, दोन तोंडांनी तेच सांगितलं तर पुरावा. मी प्रत्येक गोष्ट दोघींना विचारली आहे. कुणाचं नाव कुठेही येणार नाही.

राहिली ती भिंगरीची गोष्ट. मी आले तेव्हा ती गावाला गेली होती असं तू म्हणालीस. मागच्या वर्षी जूनमध्ये तिचा उजवा हात रुळांत गेला तेव्हा तू शेजारच्या टेबलावर इस्त्री करत होतीस. ओल्या चादरी ज्या दोन तापल्या रुळांमधून काढतात, त्यांच्यापुढे बोटं आत जाऊ नयेत म्हणून आडवी दांडी असते ना? ती त्या दिवशी जागेवर होती का? काय पाहिलंस ते सगळं लिही. सुट्टीत तू सगळ्यांना बोलतं केलंस आणि स्वतः मात्र पातेली घासत बसलीस.

तुझी,
ठमी

२० जुलै

चिरंजीव ठमीस अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे आणि रुसलेलीही नाही. मला लिहायचं म्हणजे आधी चष्मा शोधावा लागतो आणि चष्मा शोधायला चष्मा लागतो.

आमच्या धुण्यावर प्रबंध! तुझ्या आईचा जन्म याच वाफेत गेला, ती असती तर पोट धरून हसली असती. लिही बाई, लिही. लिही की इस्त्रीखोलीच्या खिडक्या खिळे मारून बंद केल्या आहेत, कारण बाहेरची काजळी पांढऱ्या कपड्यांवर बसते. आमच्या छातीत बसली तर चालते, तिला खळ लावायची नसते. लिही की वैशाखात रोज एक तरी पोरगी चक्कर येऊन पडते आणि मुकादम म्हणतो, पडायचं तर टेबलापासून लांब पडा. मी कॉलरी करते. माझ्यासारखी कॉलर पंचक्रोशीत कुणी करत नाही, हे मात्र नाव घालून लिहिलंस तरी माझी हरकत नाही.

भिंगरीचं विचारलंस. दांडी होती. पोरगी पहिल्यापासून चंचल, उगाच का भिंगरी म्हणायचे सगळे. चादरीचा कोपरा मुडपला, तो सरळ करायला गेली. झालं ते झालं. अपघातानंतरच्या जबानीत मी सांगितलं तेच तुला सांगते. तू तिच्याकडे जाऊ नकोस. तिला परत परत तेच आठवायला लावणं बरं नाही.

पाणी पीत जा. मूतखडा झाला तर पदवी काय त्याच्यावर लावणार आहेस?

मावशी

३ डिसेंबर

तीर्थरूप मावशीस,

नमस्कार. प्रबंध पूर्ण झाला, तपासला गेला आणि छापूनही आला! विद्यापीठाने छापलेला बाईमाणसाचा हा पहिलाच. सरांनी सगळ्या वर्गासमोर एक पान वाचून दाखवलं. वाचताना आधी खोकले नाहीत.

एकाच ठिकाणी त्यांनी मला अडवलं होतं. "उजवा हात गेलेल्या या मुलीच्या अपघाताला साक्षीदार एकच दिसते. दुसरी कुठे आहे?" मी म्हटलं, "सर, ती एकटी पुरेशी आहे. मला तिनेच वाढवलंय." ते हसले आणि पुढे गेले. भिंगरीकडे मी गेले नाही, तू नको म्हणालीस म्हणून. आणि तू सांगितलंस तसंच लिहिलं: बहुतेक अपघात दमलेल्या बायकांचे, पण एक तरी निव्वळ हयगयीचा, दांडी असताना झालेला. वाईटाबरोबर हेही लिहिलं म्हणून सर म्हणाले, आता तुझ्यावर कुणी एकांगीपणाचा आरोप करू शकणार नाही.

आणि ऐक. कारखान्यांत यंत्रांपुढे दांड्या, जाळ्या सक्तीच्या कराव्यात की नाही यावर सरकारी समिती बसणार आहे, इथेच, फेब्रुवारीत. माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर जाईल. आईच्या आणि तुझ्या आयुष्याचं काही तरी चीज होईल असं मला पहिल्यांदा वाटतंय. तुला पुस्तक पाठवते आहे. चष्मा शोधून ठेव.

ठमी

११ डिसेंबर

चि. ठमीस आशीर्वाद.

पुस्तक मिळालं. शेजारणीला दाखवलं, तिने हात पुसून मग हातात घेतलं. फार बरं वाटलं.

ते भिंगरीचं पान काढून टाकता आलं तर बघ. एवढ्या मोठ्या पुस्तकात एक पान कमी झालं तर काय बिघडणार आहे? बाकी काही नाही. सर्दी झाली आहे.

मावशी

९ फेब्रुवारी

मावशी,

तुझं डिसेंबरचं पत्र मी आज पुन्हा वाचलं. तेव्हा वाटलं होतं, पुस्तकात आपली गोष्ट आली म्हणून तू लाजलीस. मी उत्तरात तुझी थट्टाही केली होती.

काल समितीची पहिली बैठक झाली. मालकांच्या वकिलाने माझं पुस्तक हातात घेऊन उभ्यानेच वाचलं. माझी सगळी वर्णनं सोडून, खिडक्यांचे खिळे सोडून, फक्त ते एक पान. म्हणाला, "ही विदुषी लाँड्रीतल्या कामगार बाईच्या घरी वाढलेली आहे. मालकांची बाजू घ्यायचं तिला काही कारण नाही. आणि तीच लिहिते की दांडी असूनही अपघात झाला. मग दांड्यांचा कायदा कशाला?" समितीचे दोघे जण वळून माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. वर्षभर मला कुणीतरी असं बघून हसावं म्हणून मी जीव टाकत होते.

भिंगरी तिथे होती. उजव्या बाहीच्या टोकाला गाठ मारलेली. बाहेर पायऱ्यांवर ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "ताई, तुम्ही आमच्या सगळ्या बायकांना भेटलात म्हणे. मला का नाही विचारलंत?" मी म्हटलं, तू गावाला गेली होतीस. ती म्हणाली, "एका हाताने कुठं जाणार? सगळा उन्हाळा घरीच होते." मी विचारलं, "मग काय सांगितलं असतंस?" तर म्हणाली, "आता माझं मलाच नक्की सांगता येत नाही. पण विचारायला हवं होतंत."

एक्केचाळीस बायकांचा शब्द न् शब्द मी पडताळून पाहिला. तुझा एकटीचा नाही पाहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मला एकच शब्द लिही. दांडी होती का नव्हती?

ठमी

१६ फेब्रुवारी

ठमे,

नव्हती.

तू एक शब्द मागितलास, पण आता सुटले आहे तर सगळं लिहिते. हॉटेलांच्या जाड चादरी यायला लागल्या होत्या. त्यांची शिवण दांडीला अडायची, काम खोळंबायचं. मुकादमाने दांडी काढली आणि कोळशाच्या ढिगामागे टाकली. बारा दिवस ती तिथे होती. पहिले दोन दिवस पोरी कुरकुरल्या, मग सवय झाली. काम झरझर व्हायला लागलं, आम्हालाही बरंच वाटत होतं. हेही लिहून ठेव, सगळं पाप मुकादमाच्या माथी मारू नकोस.

भिंगरी ओरडली तेव्हा मी कॉलर उचलत होते. वाफ बंद करायला मी धावले. मला ते जे दिसलं ते तुला सांगणार नाही. तिला नेलं आणि तासाभरात दांडी परत लागली, कोळशाची पूड पुसून. दुसऱ्या दिवशी सरकारी तपासनीस आला, त्याला दांडी दिसली. त्यानंतर मॅनेजरने आम्हा पाच जणींना एकेक करून आत बोलावलं. दोघींनी सही केली नाही. तिघींनी केली, त्यात मी.

का केली म्हणून विचारशील. भ्याले. एवढंच.

त्यानंतर रोज त्या रुळांजवळून जाते तेव्हा दांडीला हात लावून बघते, आहे ना म्हणून. पोरी म्हणतात, म्हातारीला खूळ लागलं.

समितीपुढे येऊन मी सांगेन. तारीख कळव. तुझं नाव खराब झालं ते माझ्यामुळे, तेव्हा निस्तरायचंही मीच.

मावशी

२ मार्च

मावशी,

काल तुला गाडीत बसवून दिलं. आता लिहिते.

तू खरं सांगितलंस आणि कुणी विश्वास ठेवला नाही. त्या वकिलाने आवाजही चढवला नाही. "भ्यालात? कशाला? सही न केलेल्या दोघी आजही कामावर आहेत. त्यांचं कुणी काही वाकडं केलं? तुमचं काही केलं असतं?" तू म्हणालीस, "नाही." "मग तुम्हाला काही मिळालं?" तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "नाही." तो समितीकडे वळला. "जिला धाक नव्हता आणि लाभही नव्हता, ती खोटी सही कशाला करेल? तेव्हाच खरं बोलली. आज भाचीची लाज राखायला आली आहे." अध्यक्षांनी मान डोलावली. भिंगरी उठून बाहेर गेली.

मी तुला ओळखते मावशी. तू मुकादमाला त्याच्या तोंडावर बैलोबा म्हणालेली बाई. ज्या सहीला दोघी नाही म्हणाल्या, तिला तू भिऊन हो म्हणणार? तू प्रत्येक उत्तराआधी माझ्याकडे का बघत होतीस?

म्हणून आज मी जे तुझ्या बाबतीत कधीच केलं नव्हतं ते केलं. दुसरा पुरावा शोधला. विद्यापीठाच्या दप्तरात गेले. वडील नसलेल्या मुलीला एम. ए.ला प्रवेश हवा असेल तर एखाद्या प्रतिष्ठित गृहस्थाचा वर्तणुकीचा दाखला लागतो. तो तूच परस्पर पाठवला होतास. "सोय झाली, तू अभ्यास कर" एवढंच कळवलं होतंस, आणि कुणाचा म्हणून मी विचारलंही नाही. कारकुनाने कपाळाला आठ्या घालत माझी फाइल काढली. दाखला तुमच्या मॅनेजरचा आहे. तारीख चौदा जून. समितीपुढे आलेल्या तुझ्या त्या सहीच्या जबानीवरही तारीख चौदा जूनच आहे.

आता तू सांग. मी अंदाज करणार नाही.

ठमी

६ मार्च

ठमे,

फार शिकवलं तुला. एवढं शिकवायला नको होतं.

त्या दाखल्यासाठी त्या वर्षी मी मॅनेजरकडे तीनदा गेले होते. दर वेळी "बघू" म्हणायचा. डॉक्टरांकडे गेले, शाळेच्या हेडमास्तरांकडे गेले. मुलीने आता लग्न करावं असं सगळ्यांनी मला समजावलं. प्रवेशाची मुदत वीस जूनला संपत होती. चौदा तारखेला त्याने आत बोलावलं तेव्हा टेबलावर दोन कागद होते. एकावर माझी जबानी लिहून तयार. दुसऱ्यावर तुझं नाव, खाली सहीची जागा मोकळी. तो वाईट शब्द एकही बोलला नाही. टाक शाईत बुडवला आणि आधी माझ्या हातात दिला. मी सही केली. मग टाक परत घेऊन त्याने केली. अर्ध्या मिनिटाचं काम.

तिथून मी सरळ टपालात गेले. वाटेत दवाखाना लागतो. भिंगरी तिथे होती. मी आत गेले नाही.

आता माझं ऐक. तो दाखला तसा मिळवलेला आहे हे बाहेर आलं तर तुझा प्रवेशच रद्द करतील. तीन आठवड्यांवर पदवीदान आहे. मी समितीपुढे जाऊन माझी अब्रू घालवून आले, तेवढं पुरे झालं. मला खोटारडी म्हणू देत, भित्री म्हणू देत, मला त्याचं काही नाही. पण तू तोंड उघडू नकोस. झाकली मूठ राहू दे. तो कागद फाडून टाक, कारकुनाच्या पाया पड, काहीही कर.

मी त्या पोरीचा हात देऊन तुझी पदवी आणली आहे. आता तीही घालवलीस तर तो हात कशासाठी गेला? याचं उत्तर दे मला. एवढी शिकली आहेस ना?

मावशी

१२ मार्च

तीर्थरूप मावशीस,

नमस्कार. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस चिडले होते. तुझ्यावर नाही. तू लोकांचे उंबरठे झिजवत होतीस आणि मी इथे बसून नियम काय आहे तेही विचारत नव्हते, त्या माझ्यावर. तुझ्याइतकं माझ्यासाठी कुणी काही केलं नाही, आणि तू जे केलंस ते भयंकर केलंस. दोन्ही मला एकाच वेळी वाटतं, आणि मी त्यातलं एकही खोडणार नाही.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "समितीची शेवटची बैठक पंधराला आहे. पदवीदान अठ्ठावीसला. थोडी कळ काढ. पदवी हातात आली की मग हवं ते बोल. समित्या काय, पुढेही बसतील." माझ्या भल्यासाठीच म्हणाले. एक घटकाभर मलाही ते पटलं होतं, तुझ्यापासून काय लपवू.

मग तुला न कळवता तिकडे येऊन मी भिंगरीकडे गेले. वर्षाने उशिरा गेले. ती दारात बसून डाव्या हाताने आणि दातांनी बाहीची गाठ मारत होती. मला वाटलं, दांडी नव्हती हे तिला माहीतच असेल, मी फक्त सहीची हकिकत सांगायची. तसं नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे खरंच नव्हती?" मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं?" तर म्हणाली, "आधी माहीत होतं. मग तुमच्या मावशीने सही केली. त्यांनी मला कामाला लावलेलं, त्या खोटं कशाला सांगतील? मला वाटायला लागलं, दांडी असेलच. मीच चंचल. मलाच दिसली नसेल. दीड वर्ष झालं, मी रोज तेच आठवून बघते आणि आता मला तिथे दांडी दिसते, ताई." आणि मग ती रडली. हात गेला तेव्हा रडली नव्हती, तिची आई सांगत होती.

मावशी, तिचा हात दांडी नव्हती म्हणून गेला. त्याच्या बदल्यात तुला किंवा मला काही मिळालं असं आपण धरून बसलो तर आपण त्या मॅनेजरचाच हिशेब मान्य केला. पण तिला जे डोळ्यांनी दिसलं होतं ते तिच्याकडून आपण काढून घेतलं, तू सही करून आणि मी छापून. तेवढं मात्र परत देता येईल. तेही फक्त तू आणि मी दोघींनी मिळून.

प्रबंधातलं ते पान खोटं आहे, असं मी काल समितीला आणि विद्यापीठाला लिहून दिलं. दाखल्याची नक्कल समितीकडे पाठवली, मूळ कागद त्यांनी दप्तरातून मागवला आहे. कारकून म्हणाला, "बाई, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय." प्रवेश रद्द होईल असं सगळे म्हणतात. होईलही. वर्गातली ती खुर्ची मला फार आवडायची, हे तुला म्हणून सांगते. पुढच्या मुलीसाठी ती थोडी फळ्याकडे सरकवून ठेवून आले.

समितीने तुला पंधरा तारखेला पुन्हा बोलावलं आहे. पत्र येईलच. सकाळच्या गाडीने ये, मी स्टेशनवर असेन. तो वकील पुन्हा विचारेल, तुम्हाला काय मिळालं. या वेळी नाही म्हणू नकोस.

भिंगरीची खुर्ची तुझ्या अगदी समोर ठेवायला सांगितली आहे. मी मागे बसेन. माझ्याकडे बघू नकोस, मावशी. माझ्याकडे बघितलंस की तू खोटं बोलतेस. तिच्याकडे बघ आणि सांग.

तुझीच,
ठमी